चाकावरचं बिऱ्हाड

शेगावहून पंढरपूरला पायी निघालेली गजानन महाराजांची पालखी पातूरचा घाट चढून मेडशीला वाशिम जिल्ह्यात शिरते. पुढं डव्हा, मालेगाव, शिरपूर जैन आणि रिसोड अशी तिची वाट. वारकरी भजन म्हणत चालत असतात, तेव्हा वारीतले सामानाचे ट्रक त्यांना मागं टाकून पुढच्या मुक्कामाला गेलेले असतात. वर्षानुवर्षांचा सराव असलेल्या दिंडीचा ट्रक रिकामा होताना बाजूला उभं राहून नीट बघावा. फाळका खाली पडला की पहिल्यांदा हाताला लागतात ते तंबूचे खांब, खुंट्या आणि घण. त्यांच्यामागं ताडपत्र्या आणि दोर. मग शेगड्या, मोठी पातेली, कढया, झारे, आणि त्यांना लागूनच त्या वेळच्या स्वयंपाकाचा शिधा. उरलेलं धान्य पार आत, केबिनच्या बाजूला. वळकट्या वरच्या फळीवर, कारण त्या लागतात जेवणं आणि हरिपाठ झाल्यावर. कुणी कुणाला विचारत नाही, हौद्यात चढून शोधाशोध करत नाही. पाऊस भुरभुरत असला तरी आधी डोक्यावर छप्पर येतं, मग चूल पेटते, मग अंथरूण पडतं.

हा क्रम सकाळी ट्रक भरतानाच ठरलेला असतो. जे मुक्कामाला सगळ्यात आधी लागणार ते सगळ्यात शेवटी चढवायचं. फिरत्या घराच्या मांडणीबद्दल मला जे सांगायचं आहे त्याचं मूळ यात आहे. आराखडा गाडीपासून सुरू करू नये, मुक्कामापासून सुरू करून गाडीपर्यंत मागं यावं.

हे आज लिहायला कारण आहे. महाराष्ट्र सरकारनं 2021 मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं. समृद्धी महामार्गाचा नागपूर ते शिर्डी हा टप्पा डिसेंबर 2022 मध्ये खुला झाला, आणि तो कारंजा, मंगरूळपीर, मालेगाव या तालुक्यांतून जातो. ट्रक किंवा टेम्पोला घराचं रूप देऊन कुटुंबासह हिंडावं, ही इच्छा आता आपल्याकडच्या लोकांच्याही मनात येऊ लागली आहे. पण आराखडा काढायला बसलं की बहुतेकांचा हात पहिल्यांदा पलंग काढतो, दुसऱ्यांदा ओटा, आणि राहिलेल्या जागेत कप्पे. घर बांधताना हे चालून जातं. फिरत्या घरात नाही, कारण तिथं प्रत्येक वस्तूला दोन जागा लागतात. एक गाडी चालताना, दुसरी गाडी थांबल्यावर.

वाशिम जिल्ह्याला फिरतं बिऱ्हाड नवं नाही. मानोरा तालुक्यातलं पोहरादेवी हे बंजारा समाजाचं सर्वांत मोठं श्रद्धास्थान. संत सेवालाल महाराजांची समाधी तिथं आहे आणि नगाऱ्याच्या आकाराचं बंजारा विरासत संग्रहालय तिथं ऑक्टोबर 2024 मध्ये सुरू झालं. या समाजाच्या पूर्वजांनी काही शतकं अख्खं बिऱ्हाड बैलांच्या पाठीवर वाहून नेलं. पीटर मंडी नावाच्या इंग्रज व्यापाऱ्यानं 1632 मध्ये आग्र्याहून पाटण्याला जाताना 14,000 बैलांचा एक तांडा पाहिला. गहू, तांदूळ असं धान्य लादलेलं, प्रत्येक बैलावर चार मोठे मण, म्हणजे आजच्या हिशेबानं शंभर-सव्वाशे किलो. तांड्यात सहा-सातशे माणसं, बायकामुलांसह. दिवसाची मजल फार तर सहा-सात मैल, तीही थंड वेळेत. मुक्कामाला ओझी उतरवली की बैल चरायला मोकळे.

त्या ओझ्याची रचना जवळून पाहण्यासारखी आहे. बैलाच्या पाठीवर खोगीर, आणि त्यावरून दोन्ही अंगांना लोंबणाऱ्या गोणीच्या दोन बाजू. दोन्ही बाजू सारख्या वजनाच्या असल्याच पाहिजेत. एक बाजू जड झाली तर खोगीर सरकतं, पाठ सोलली जाते, आणि पाठ सोललेला बैल महिनाभर कामाचा नाही. म्हणून धान्य काढायचं तेसुद्धा दोन्हीकडून सारखं. तांड्याच्या पुढं बालाजीच्या नावानं सोडलेला, घुंगरं-कवड्यांनी सजवलेला एक बैल चाले. त्याच्यावर कधीच ओझं नसे, आणि तो थकून जिथं बसेल तिथं मुक्काम, असा रिवाज वऱ्हाड-मध्य प्रांताच्या इंग्रजी काळातल्या नोंदींत सापडतो. श्रद्धेची बाब आहेच, पण मला त्यात व्यवहारही दिसतो. मुक्काम जनावराच्या दमानुसार ठरायचा, माणसाच्या हट्टानुसार नाही.

वऱ्हाडचा कापूस बैलांवर लादून गंगेकाठच्या मिर्झापूरपर्यंत जात असे. वाटेत अवकाळी पावसानं गाठलं की कापूस भिजून जड व्हायचा, खालची काळी जमीन चिखल व्हायची, आणि बैल रुतायचे. 1867 मध्ये भुसावळ-नागपूर रेल्वे पूर्ण झाली आणि हा व्यापार मोडला. काळी जमीन मात्र तीच आहे. वाशिममध्ये जुलै महिन्यात डांबरी सोडून चार पावलं शेताकडं गाडी घालून पाहावी, वजन या गोष्टीला किती किंमत आहे ते लगेच कळतं.

तर पहिला विषय वजन. सोय आणि शोभा त्यानंतर.

दहा फूट लांब, सहा फूट रुंद हौद्याचा लहान ट्रक धरून चालू, आणि चार माणसांचं कुटुंब. पाण्यापासून सुरुवात करावी, कारण एका जागी ठेवायची सगळ्यात जड वस्तू तीच. पिणं, स्वयंपाक, भांडी, हातपाय धुणं मिळून काटकसरीनं माणशी रोज पंधरा लिटर. तीन दिवसांचे झाले 180 लिटर, म्हणजेच 180 किलो. ही टाकी छतावर ठेवून नळाला आपोआप पाणी येईल असा विचार बऱ्याच जणांना सुचतो. तो सोडून द्यावा. एवढं वजन डोक्यावर घेतलेली गाडी वळणावर झुकते आणि तिला सावरायला वेळ लागतो. टाकी खाली, तळाला, मागच्या चाकांच्या पुढं असावी. टाकी भरलेली असताना पाणी फारसं हलत नाही, रिकामी असताना प्रश्नच नाही. त्रास अर्ध्या टाकीचा, कारण ब्रेक मारला की सगळं पाणी पुढं धावतं. म्हणून टाकीत भोकं असलेले आडवे पडदे लावतात. एका मोठ्या टाकीऐवजी वीस-वीस लिटरचे कॅन घट्ट बांधून ठेवले तर आणखी बरं. एक फुटला तर बाकीचे शाबूत, आणि हापशीवरून भरून आणायलाही उचलतात.

मागच्या चाकांच्या मागं किती वजन टाकता याकडं फार लक्ष द्यावं लागतं. समजा, पुढच्या आणि मागच्या एक्सलमध्ये दहा फूट अंतर आहे आणि मागच्या एक्सलच्या तीन फूट मागं तुम्ही शंभर किलोचं काही टांगलं. तर मागच्या एक्सलवर शंभर नाही, एकशेतीस किलो वाढतात आणि पुढच्या एक्सलवरचे तीस किलो कमी होतात. पुढची चाकं हलकी झाली की स्टेअरिंग हलकं लागतं, ओल्या रस्त्यावर गाडी वळवल्यासारखी वळत नाही. स्टेपनी, जनरेटर, हत्यारांची पेटी असं सगळं मागच्या दाराला टांगण्याची हौस इथं महागात पडते.

दुसरी चूक सुतारकामात होते. आपला सुतार घरातल्या फर्निचरसारखं काम करून देतो, 18 मिलिमीटरचा प्लाय, वर लॅमिनेट. आठ बाय चारच्या अशा एका तक्त्याचं वजन तीस-पस्तीस किलो भरतं. दहा तक्ते लागले की सामान चढवण्याआधीच गाडीत साडेतीन क्विंटल चढलं. तिथं अॅल्युमिनियमचा सांगाडा आणि पातळ प्लाय हवा. आणि नुसते स्क्रू चालत नाहीत, हादऱ्यांनी ते हळूहळू बाहेर येतात. नटबोल्ट हवेत, नायलॉनची कडी असलेल्या नटाचे, म्हणजे ते सैल पडत नाहीत. ट्रकची बॉडी बांधणारा कारागीर आणि घरचं फर्निचर करणारा सुतार यांत निवड करायची वेळ आली, तर बॉडी बांधणारा निवडावा.

आता मुक्कामापासून मागं येऊ. संध्याकाळी साडेसहाला गाडी थांबली. पहिल्या दहा मिनिटांत काय लागतं? चाकाला लावायची उटी, गाडी समतल करायला लाकडी पाचर, दिवा, पाणी, चहाचं सामान, बसायला चटई. पाऊस असेल तर बाहेर ताणायची ताडपत्री. ही प्रत्येक गोष्ट आत न शिरता, बाहेरून हाताला आली पाहिजे. पुढच्या तासाभरात स्वयंपाक आणि जेवण. त्यानंतर अंथरूण. आणि रात्री अंधारात, कुणाला न उठवता, पाणी, बॅटरी, औषधं आणि बाहेर जायची वाट. कधीमधीच लागणाऱ्या वस्तूंचा, म्हणजे जॅक, टोचन दोरी, फावडं, सुटे भाग यांचा वेगळा विचार लागतो. त्या रोज लागत नाहीत, पण लागतात तेव्हा बाहेर चिखल असतो आणि घाई असते. त्यांना गादीखाली पुरू नये. बाहेरून उघडणारा, कुलपाचा स्वतंत्र कप्पा करावा.

असा विचार केला की मांडणी बरीचशी आपोआप ठरते. केबिनला लागून, हौद्याच्या पुढच्या भागात पलंग. त्याच्याखाली पाणी, बॅटरी, धान्य ही सगळी जड मंडळी, कारण ती जागा दोन एक्सलच्या मधली आहे. पाण्याला बाहेरच्या अंगानं छोटं दार. मधल्या भागात दोन्हीकडं बाकं, त्यांच्यावर दिवसा बसायचं आणि रात्री मधे फळी टाकून मुलांनी झोपायचं. फाळक्याजवळ स्वयंपाक. डोक्यावरच्या कप्प्यांत फक्त कपडे आणि पांघरुणं. डावी-उजवी बाजू तोलून घ्यायची, तांड्यातल्या गोणीचा नियम इथं जसाच्या तसा लागू आहे. एका बाजूला फ्रिज आणि ओटा गेला असेल तर दुसऱ्या बाजूला गॅस आणि हत्यारं.

पलंगाच्या मापात लोक हमखास फसतात. हौदा सहा फूट रुंद म्हणून आडवं झोपता येईल असं वाटतं. पण उन्हासाठी दोन्ही भिंतींना आतून दीड-दीड इंचाचं अस्तर लागतं, आणि राहतात पाच फूट नऊ इंच. साडेपाच फुटांच्या माणसाला ते जेमतेम पुरतं, सहा फुटी माणसानं गाडीची लांबी धरूनच झोपावं. पलंगावर बसल्यावर डोक्यावर किमान तीन फूट मोकळे हवेत. नाहीतर पाऊस लागून राहिला त्या दिवशी माणसं दिवसभर वाकून बसतात आणि सहल तिथंच संपते.

स्वयंपाक मागच्या दाराशी का, तर आपलं जेवण फोडणीचं आहे. ठेच्याची मिरची भाजली की ती बंद डब्यात कोणालाच सोसत नाही. शेगडी बाहेरच्या बाजूला सरकवता आली तर वाफ, वास आणि उष्णता बाहेरच राहते. गॅसची टाकी मात्र स्वतंत्र कप्प्यात, आतल्या बाजूनं हवाबंद, आणि त्या कप्प्याच्या तळाला बाहेर उघडणारं भोक. स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड असतो, गळला तर खाली साठतो. वर खिडकी उघडी आहे म्हणून निर्धास्त राहणं जिवावर बेतू शकतं. 14.2 किलो गॅसची घरगुती टाकी लोखंडासकट तीस किलोच्या घरात जाते. चार दिवसांच्या प्रवासाला पाच किलोची पुरते.

डबे चौकोनी घ्यावेत, गोल डब्यांच्या मधली जागा वाया जाते. मिसळणाचा डबा घट्ट झाकणाचा. बरण्या काचेच्या नकोत. ड्रॉवरला चुंबकाची कडी अजिबात भरवशाची नाही. वळणावर वीस किलोचा ड्रॉवर सुटला तर समोरचं बाक फोडतो. बोटानं दाबून सोडवायची कडी किंवा साधी आडवी खिट्टी चांगली. गादी उचलूनच उघडतो असा कप्पा फक्त आठवड्यातून एकदा लागणाऱ्या सामानासाठी, कारण झोपलेल्या माणसाला उठवून मीठ काढणं दुसऱ्या रात्रीच नकोसं होतं.

धुळीबद्दल थोडं सविस्तर. गाडी धावते तेव्हा तिच्यामागं हवेचा दाब कमी होतो, आणि चाकांनी उडवलेली धूळ त्या पोकळीत घुटमळत मागच्या दाराच्या फटींतून आत ओढली जाते. म्हणून सगळ्या खिडक्या लावूनही मागच्या बाजूची भांडी मातकट होतात. दाराला चारी बाजूंनी रबरी पट्टी हवी, आणि पुढच्या बाजूला जाळी लावलेलं हवेचं एक तोंड उघडं हवं, म्हणजे आतला दाब थोडा वाढतो आणि धूळ बाहेर ढकलली जाते. पावसाळ्यात धुळीची जागा चिखल घेतो. काळ्या मातीनं जड झालेले जोडे आत आले की पुढच्या अर्ध्या तासात अंथरुणापर्यंत माती. पायरीलगत जोड्यांची पेटी आणि पाय धुवायला मग्ग्याची जागा, हे आराखड्यात पहिल्या दिवशी काढावं. उरलेल्या जागेत ते कधीच बसत नाही.

पोहरादेवीची मोठी यात्रा रामनवमीला, म्हणजे चैत्राच्या उन्हात भरते, आणि मे महिन्यात वाशिमचा पारा चाळिशीच्या बराच वर जातो. पत्र्याचं छत अशा वेळी रात्री नऊपर्यंत गरम राहतं. छताच्या वर चार इंच अंतर सोडून दुसरं पातळ छत किंवा ताडपत्री ताणली की मधून हवा वाहते आणि खालचा पत्रा तापत नाही. आत हवेचं एक तोंड खाली आणि एक वर, म्हणजे गरम हवा वरून निघून जाते. विजेचं गणितही याच ऋतूचं मांडावं. दोन पंखे रात्रभर, छोटा फ्रिज दिवसभर, दिवे आणि फोन मिळून दिवसाला सुमारे एक युनिट. 12 व्होल्ट, 100 अँपिअर-तासांची लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी सव्वा युनिट देते आणि तिचं वजन बारा-तेरा किलो. इन्व्हर्टरची शिसं-आम्लाची बॅटरी तेवढंच काम करायला पन्नास किलोंच्या पुढं जाते. 200 वॉटचं सौर पॅनेल स्वच्छ उन्हात दिवसाला पाऊण युनिटाच्या आसपास भरून काढतं, आषाढात त्याच्यावर विसंबू नये.

एवढं कागदावर आलं की लगेच कामाला माणूस लावू नका. अंगणात खडूनं दहा बाय सहाचा चौकोन आखा, त्यात पलंग, बाकं, ओटा, दार काढा, आणि एक संध्याकाळ चौघांनी त्या रेघांच्या आत काढा. चहा करा, जेवा, अंथरूण घाला. एकजण ओट्याशी उभा असताना दुसऱ्याला दाराबाहेर जाता येतं का, ते तिथं कळतं. मधली वाट बावीस इंचांहून कमी असेल तर नाही जाता येत.

मग आरटीओ. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 नुसार गाडीच्या मूळ रचनेत मंजुरीशिवाय बदल करता येत नाही, आणि मोटार कॅराव्हॅनसाठी एआयएस-124 हे वेगळं मानक आहे. मालवाहू म्हणून नोंद असलेल्या गाडीच्या हौद्यात कुटुंब बसवून रस्त्यानं जाणं हा बेकायदा आणि धोक्याचा प्रकार आहे. धावत्या गाडीत प्रत्येकाला पट्ट्यासह मंजूर आसन हवं, पलंग फक्त मुक्कामासाठी. एमएच-37 ची पाटी असो वा दुसरी कुठली, आराखडा घेऊन आधी नोंदणी कार्यालयात जा, पैसे त्यानंतर खर्च करा.

आणि पहिल्या प्रवासाच्या आदल्या दिवशी गाडी पूर्ण भरून, पाण्यानं, गॅसनं, माणसांसकट, धर्मकाट्यावर घ्या. वाशिम, कारंजा, रिसोडच्या बाजारात सोयाबीनच्या गाड्या तोलणारे काटे आहेत. आधी फक्त पुढची चाकं काट्यावर चढवून वजन घ्या, मग पूर्ण गाडीचं. दोन्हींतला फरक म्हणजे मागच्या एक्सलवरचा भार. हे आकडे गाडीच्या कागदांवरच्या मर्यादेशी ताडून पाहा. जास्त भरले तर टायरमध्ये हवा वाढवून वेळ मारून नेऊ नका, तिथंच सामान उतरवा.